टिबूनं पोहे काऊन नाई खाल्ले

चंद्रपूर
२८ डिसेंबर १९९८

प्रिय ज्योत्स्ना,

हे पत्र आदेशभाऊसमोर फोडू नको. चुलीजवळ नेऊन वाच, अन् वाचून झालं की चुलीतच घाल.

माझं लग्न ठरून राह्यलं आहे. पोट्टा घुग्घुसचा, खाणीत इलेक्ट्रिकचं काम करते, नाव ताबिश. त्याची अम्मी मागच्या जुम्म्याले घरी येऊन गेली. तिचं म्हणणं, पोरगा सोन्याचा आहे, बारा वर्षांचा होता तेव्हापासून एक रोजा सोडला नाई, कोणाले उलटून बोलत नाई. ऐब एकच, सुट्टी मिळाली की गळ्यात दुर्बीण टांगून तलावा-तलावावर पाखरं पाहत फिरते. ईदच्या आत आमच्याकडून जवाब पाहिजे. ‘हो’ म्हटलं तर ते मिठाई घेऊन येणार, मी सरबताचा ट्रे घेऊन समोर जाणार, अन् पाच मिनिटांत सारं पक्कं. ट्रेमागून माणूस ओळखू येते काय, तूच सांग.

तू म्हणशील, फोटो पाह्य. आता हसू नको हं. जो फोटो आला तो आमच्याच स्टुडिओतला आहे! कोट आमच्या खुंटीवरचा, टाय आमची, मागचा पडदा आमचा. अन् रिटचिंग माझं. दोन सालाआधी लग्नाच्या सीझनले निगेटिव्हचा ढीग पडला होता, मी पेन्सिल अन् ब्रश घेऊन एकेकाचं नाक सरळ करत बसली होती. कोणाचे डाग मिटवले, कोणाची मिशी भरली, कोणाले दोन हात गोरं केलं. त्यातला हा कोणता, मले काईच आठवत नाई. अब्बाले विचारलं तं म्हणाले, ‘बेटा, मैं तो सिर्फ लाइट देखता हूँ.’ म्हणजे साऱ्या चंद्रपुरात ह्या फोटोवर ज्यांनी विश्वास ठेवू नये अशी दोनच माणसं, अन् ती दोन्ही आमच्याच घरात.

आता खरं सांगते. तुले ठाऊक आहे, दहावीपासून मी डार्करूममध्ये आहे. कॅमेऱ्याले हात लावू द्यायले अब्बांनी किती वर्षं लावली. मामू तं अजूनही ऑर्डरवर गेलं की कॅमेरा माझ्या हातून काढून घेतात अन् म्हणतात, ‘तू बॅग पकड.’ आता कुठी मले बायकांच्या हळदीच्या, मेहंदीच्या ऑर्डरी एकटीले मिळून राह्यल्या आहेत. लग्न करून मी पुन्हा बॅग पकडणारी झाली तं मी जगणार नाई गड्या. गंमत नाई करत.

म्हणून तू एकच पाह्य. १० जानेवारीच्या इतवारी इथले पाखरंवाले लोक तुमच्या बोडीटोल्याच्या तलावावर येणार आहेत. तोही आहे. त्याच्या अम्मीनंच कुरकूर करत सांगतलं. रंग, उंची, दात, मले काई नको. हा माणूस आपली दुर्बीण दुसऱ्याच्या हातात देते का, एवढं पाहून सांग. जो दुर्बीण देईन, तो मले कॅमेरा धरू देईन.

ओळखायची खूण: गोरा, मिशी दाट, नाक सरळ, भांग डावीकडे. नाव विचारायचं नाई! बात घुग्घुसपर्यंत गेली तं अम्मी मले जिती ठेवणार नाई.

तुझी
फरहा


बोडीटोला, ता. चामोर्शी
२ जानेवारी १९९९

फरहा,

पत्र चुलीत घातलं. पण त्याआधी सासूबाईले वाचून दाखवलं. रागावू नको वं, ह्या घरात गुणाबाईपासून काई लपते काय? मी चुलीपुढं एकटीच हसून राह्यली होती, तं त्यांना वाटलं मले लागीर झालं. त्यांनी शपथ घेतली की कोणाले सांगणार नाई.

तुले दुसरं कोणी भेटलं नाई काय? मले पाखरांतलं काय समजते! मले बगळा समजते, अन् बाकी सारे बगळ्याचे नातेवाईक. पण माणूस पाहायचा असन तं मी आहे. आदेश मले पाहायले आला तेव्हा मी दाराच्या फटीतून त्याची चप्पल पाहून ‘हो’ म्हटलं होतं. चार साल झाले, काई बिघडलं नाई.

बेत असा. ते लोक तलावाच्या पाळीवर आले की मी पोहे अन् चहा घेऊन जाईन. गावात पाहुणे आले तं कोणी ‘काऊन आली’ म्हणत नाई. गुणाबाई सोबत येतो म्हणतात. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे, तरी म्हणतात, ‘पोट्टा मीही पाहीन.’

ह्याच्या बदल्यात तू एक करशील. माझ्या लग्नाच्या ज्या फोटोत तुझ्या मामूनं माझं डोकं कापलं अन् वाजंत्रीवाल्याचं पूर्ण घेतलं, तो पुन्हा कधी काढून देशील. नवरीचे कपडे मी जपून ठेवले आहेत, अंगात मावतीन तं बरं.

तुझी गुप्तहेर
ज्योत्स्ना


बोडीटोला
११ जानेवारी १९९९

फरहा,

बाप्पा बाप्पा! पाह्यला तुझा ताबिश. आधी घोटभर पाणी पी, कारण बातमी चांगली नाई.

सकाळीच जीप आली. सहा जण उतरले. त्यात गोरा, दाट मिशीवाला, सरळ नाकाचा एकच. भांगही डावीकडे. कोट नव्हता, पण खिशाखिशांचं जाकीट होतं. मी मनात म्हटलं, सापडला! बाकीचे त्याले ‘सर, सर’ करत होते. मले वाटलं, खाणीत इलेक्ट्रिकवाल्यालेही सर म्हणत असतीन.

ते लोक तलावावर बोलतच नाईत. कुजबुजतात, बोटं दाखवतात, पुस्तकाचं पान उलटतात, अन् पुन्हा कुजबुजतात. आपल्या शाळेतल्या वार्षिक परीक्षेसारखं. तुझ्या गोऱ्याच्या गळ्यात हीऽऽ मोठी दुर्बीण. गुणाबाईनं सरळ हात पुढं केला, ‘दाखवा बरं भाऊ, मलेही.’ तं म्हणते, ‘बाई, नाजूक वस्तू आहे, बिघडते.’ अन् मले म्हणते, ‘तुम्ही जरा मागं सरका, लाल लुगड्यानं पाखरं उडतात.’ माझं गाव, माझा तलाव, अन् मीच मागं सरकू! त्या पाखरांनी मले लाल लुगड्यात रोज कपडे धुताना पाह्यलं आहे. पोह्यांच्या वेळी मात्र त्याले लाल रंग चालला. दोन बशा खाल्ल्या, वरून लिंबू मागतलं, वरून चहा.

नशीब त्यांच्यात एक बरा पोट्टा होता. सारे त्याले टिबू म्हणून राह्यले होते. टिबुकली म्हणून एक लहानसं पाणपाखरू असते, पाहता पाहता बुडी मारते. हा पोट्टाही दरवर्षी कोणत्या ना कोणत्या तलावात पडते म्हणे. ह्या वर्षी आमच्या तलावाचा नंबर. पाळीवरून घसरला तो सरळ गुडघाभर चिखलात, पण दुर्बीण अन् कॅमेरा दोन्ही हातांनी वर धरलेले. काळा, काडीसारखा, मिशी नाई, नाक थोडं एका बाजूले गेलेलं, डोक्यावर मळकी टोपी. चिखलातूनच गुणाबाईले म्हणते, ‘या बाई, इथून चांगलं दिसते.’

त्यानं दुर्बीण दिली वं! सगळ्यात आधी गुणाबाईले. पट्टा त्याच्या गळ्यातच होता, तं हा वाकून उभा राह्यला, त्यांच्या उंचीले आला. डोळ्याचं सांगतलं तं चांगल्या डोळ्याची नळी फिरवून फिरवून बरोबर करून दिली. मंग मले दिली. मी लावली अन् ओरडली, ‘अवं, एवढुसं बदक! मान आत घालून बसलं!’ साऱ्यांनी तिकडे दुर्बिणी फिरवल्या. पत्रू ढिवराच्या जाळ्याले तरंगायसाठी बांधलेला भोपळ्याचा तुंबा होता तो. रोज पाहते मी तो तुंबा, फरहा. रोज! दुर्बिणीतून पाह्यलं की घरचा तुंबाही पाहुणा वाटते. टिबू हसला नाई, उलट तुंब्याचाही एक फोटो काढला.

मंग कमळपक्षी दाखवला. आमच्याकडच्या कॅलेंडरवर त्याची लांब काळी शेपटी आहे, मानेवर सोनं लावल्यासारखं. टिबूनं दाखवला तो मातकट, शेपटीचा पत्ताच नाई. मी म्हटलं, हा नव्हे. तं म्हणते, ‘हाच वहिनी. कॅलेंडरवाला पावसाळ्यातला आहे, तेव्हा तो नटून असते. आता शेपटी गळली, रंग उतरला. नुसत्या रंगावर जाऊ नका, चाल पाहा. पानावर पाय कसा टाकते ते पाहा.’ खरंच, कमळाच्या पानावरून असा चालत होता, जशी मी झोपलेल्या सासूजवळून चालते.

अन् म्हणे, ह्या पाखरात मादी अंडी घालून निघून जाते, अंडी उबवायची अन् पिल्लं सांभाळायची ती नरानं. गुणाबाई म्हणाल्या, ‘काय? नवरा पोरं सांभाळते? आण इकडे ती दुर्बीण!’ मंग त्यांनी सोडलीच नाई. घरी येऊन आमच्या मामंजींना, म्हणजे दादाजींना, त्या नवऱ्याची गोष्ट दोन वेळा सांगून झाली. दादाजी काल संध्याकाळपासून बैलांजवळच बसून आहेत.

टिबूची एकच गोष्ट मले लागली. माझे पोहे नाई खाल्ले त्यानं. चहा नाई, पाणीसुद्धा नाई. ‘आज नको वहिनी, पुन्हा कधी.’ एवढा चांगला पोट्टा, अन् पोटाचे एवढे नखरे.

तं सांगायचं ते सांगते. तुझा ताबिश दुर्बीण देत नाई. बाईमाणसाले मागं सरकवते. पोहे खाऊन ‘छान’ही म्हणत नाई. माझ्याकडून नाई म्हण.

तुझी
ज्योत्स्ना


चंद्रपूर
१६ जानेवारी १९९९

ज्योत्स्ना,

पोहे खाल्ले? दोन बशा? दहा तारखेले?

अवं, रमजान चालू आहे! पहाटे सहेरी करून मंग संध्याकाळपर्यंत पाणीही नाई, अन् हा ‘एकही रोजा न सोडणारा’ सकाळी सकाळी लिंबू पिळून राह्यला! रोजा नाई धरला तं नाई धरला, ती ज्याची त्याची मर्जी. पण आईनं घरोघरी एक सांगायचं अन् पोरानं पाळीवर दुसरं करायचं? फोटो खोटा, आई खोटी, मिशी तेवढी खरी निघाली.

अम्मीले दुर्बिणीचं सांगून काई फायदा नव्हता, म्हणून पोह्यांचं सांगतलं. म्हटलं, ते लोक ज्योत्स्नाच्या गावी गेले होते, तिनं सहज लिहिलं. अम्मी एवढंच म्हणाली, ‘रोज़े में? दो प्लेट?’ अन् उठून गेली. अब्बांनी घुग्घुसले निरोप पाठवला की पोरीचा इतक्यात विचार नाई. झालं, सुटली मी.

रागात होती तोवर बरं होतं. निरोप गेल्यावर मात्र मले रडू आलं. ज्याले कधी पाह्यलं नाई त्याच्यासाठी कोणी रडते काय? पण ‘पाखरं पाहत फिरते’ एवढं ऐकून मी मनात एक माणूस तयार करून ठेवला होता. निगेटिव्हवर पेन्सिल फिरवता फिरवता त्याच्याशी बोलतही होती. तो आपली दुर्बीण माझ्या हातात देऊन म्हणत होता, ‘तुम्ही पाहा आधी.’ तो माणूसच गेला. डार्करूमचं एक बरं, डोळे लाल झाले तं म्हणता येते, औषधाचा वास आहे.

अन् एक सांगू? चार ओळी ताबिशवर लिहिल्या अन् पूर्ण पान त्या टिबूवर! आदेशभाऊले सांगू काय?

तुझी
फरहा


बोडीटोला
२२ जानेवारी १९९९

फरहा,

ईद मुबारक. सोबत तिळगूळ पाठवला असता, पण मागच्या साली पोस्टात तो पत्राले चिकटून सारं पत्रच गोड झालं होतं. अम्मीच्या शीरखुर्म्याची आठवण आली. माझी वाटी झाकून ठेव.

आदेशले खुशाल सांग. त्याचंही टिबूशी जमलं. हो, टिबू पुन्हा आला होता, काल, एकटाच, मोटरसायकलवर. म्हणे कमळपक्षी पाहायचा राहून गेला. राहून काय गेला, त्या दिवशी त्यानंच तं साऱ्यांना दाखवला! ह्या वेळी मात्र मी न विचारताच तो म्हणते, ‘वहिनी, त्या दिवसाचे पोहे राह्यले आहेत.’ बसून दोन बशा खाल्ल्या. खरड्यासकट! मी म्हटलं, आज पोट बरं दिसते. तं हसला नुसता.

पण पोट्टा उदास होता. पाळीवर गुणाबाईजवळ बसला होता. मी चहा घेऊन गेली तं कानावर पडलं. तो म्हणत होता, ‘बाई, पेपर न देताच माणूस नापास झाला, तं काय करावं?’ गुणाबाईनं आयुष्यात एकही पेपर दिला नाई, पण जवाब तयार! म्हणाल्या, ‘बोंबलत बसू नये. पेपर पुन्हा तपासायले द्यावा. अन् दुसऱ्याच्या हाती नाई, ज्यानं नापास केलं त्याच्याच हाती द्यावा.’ बिचाऱ्याची कोणती परीक्षा राह्यली कोण जाणे. खात्याची असन.

तू रडली ते वाचून मले बरं नाई वाटलं. तू मनात तयार केला होता तसा माणूस असते का नाई, ठाऊक नाई. पण तशी दुर्बीण देणारा एक तं मी पाह्यला. म्हणजे जगात आहेत.

तुझी
ज्योत्स्ना


चंद्रपूर
४ फेब्रुवारी १९९९

मूर्ख, बावळट, आंधळ्या ज्योत्स्ना,

बस खाली. चूल विझव, नाई तं काई करपवशील.

सोमवारी एक रोल आला, ब्लॅक अँड व्हाईट. आजकाल असा रोल कोण देते? रंगीत रोल तं सारे नागपूरच्या लॅबले जातात. ब्लॅक अँड व्हाईट तेवढा इथी धुतला जातो, अन् तो मी धुते. अब्बांनी काउंटरवर घेतला, चिठ्ठी लावली, माझ्याकडे दिला. मी धुतला, वाळवला, प्रिंट करायले बसली. पहिला कागद औषधात सोडला. हळूहळू आधी पाळ आली, मंग कमळाची पानं, मंग एक बाई दुर्बीण उलटी धरून मोठ्या ध्यानानं पाहताना. मी म्हटलं, ही तं आपली ज्योत्स्ना!

हो, उलटी धरली होतीस तू. म्हणून तुंब्याचं बदक झालं का काय, अल्ला जाणे.

मंग तुंबा आला. मंग पाय उचललेला कमळपक्षी. मंग सारी मंडळी चहाचे कप घेऊन, मधात गोरा, दाट मिशीवाला, हातात पोह्यांची बशी. मी त्याच्याकडे चांगली रागानं पाहून घेतली. अन् मंग मोजलं. पाच. तू तं सहा लिहिले होते. कोण नाई? टोपीवाला काडीसारखा पोट्टा कोणत्याच फोटोत नाई. नसणारच, फोटो तोच काढून राह्यला होता.

एकच फोटो असा की त्यात तो थोडा आहे. गुणाबाईंचा. दोन्ही हातांनी दुर्बीण धरली आहे, तोंड उघडं, ‘नवरा पोरं सांभाळते’वाला तोच क्षण असन. दुर्बिणीचा पट्टा फोटोच्या बाहेर गेला आहे, अन् खाली गवतावर वाकलेल्या माणसाची सावली. टोपीसकट.

बाहेर येऊन अब्बाले विचारलं, हा रोल कोणाचा? अब्बा चष्मा पुसत म्हणाले, ‘वही लड़का, घुग्घुसवाला, जिसको ना बोल दिया.’ अन् वरून म्हणाले, ‘फोटो से काला है, मगर तमीज़दार है.’

ज्योत्स्ना! टिबू म्हणजेच ताबिश! तुझे ते ‘सर’ कोणी भलतेच. अन् टिबूनं तुझे पोहे काऊन नाई खाल्ले, समजलं आता? रोजा होता त्याचा! पाणीही नाई घेतलं त्यानं, अन् चिखलात उभा राहून साऱ्या गावाले पाखरं दाखवली. ईदच्या दुसऱ्या दिवशी येऊन तुझे पोहे चाटून पुसून खाल्ले, तरी तुझ्या डोक्यात उजेड पडला नाई. अन् त्यानं स्वतः सांगतलं होतं तुले, की फोटोतल्या रंगावर जाऊ नका!

माझ्याही डोक्यात कुठी पडला? कपाटातून त्याची जुनी निगेटिव्ह काढली, भिंगाखाली धरली. नाकावर माझीच पेन्सिल. गालावर माझीच पेन्सिल. प्रिंटवर मिशी माझ्या ब्रशची. ज्याले मी शोधत होती, त्याले मीच मिटवून ठेवलं होतं.

आता मी काय करू? एकदा ‘नाई’ म्हटलं, आता कोणत्या तोंडानं ‘हो’ म्हणू? अम्मी म्हणेन पोट्टी वेडी झाली. त्याची अम्मी आमचं नाव काढू देणार नाई. प्रिंट घ्यायले तो कधीही येईन. मले भूक लागत नाई, अन् तुझ्यावर रागही धड येत नाई. लवकर लिही.

फरहा


बोडीटोला
९ फेब्रुवारी १९९९

फरहा,

मार मले. आली की मार. मी कान धरून पाळीवर उभी राहते, पाखरं पाहतीन.

पण अर्धा मार गुणाबाईच्या वाट्याचा ठेव. तुझं पत्र त्यांना वाचून दाखवलं. मंग म्हणतात, ‘मी त्याले सांगतलं होतं.’ काय सांगतलं? तं सारंच! दहा तारखेलेच! टिबूनं सहज विचारलं, ‘बाई, वहिनी पाखरं सोडून आमच्या सरांले काऊन पाहतात?’ अन् ह्यांनी सांगून टाकलं, की चंद्रपूरच्या फोटोवाल्या बाबूभाईच्या पोरीसाठी घुग्घुसचा पोट्टा पाहून राह्यलो, अन् दुर्बीण देते का नाई ते पाहायचं आहे. आपणच तो पोट्टा, हे त्यानं सांगतलं नाई. शपथ होती ना, म्हटलं. तं म्हणतात, ‘गावातल्याले नाई सांगतलं.’

म्हणजे त्याले सारं ठाऊक होतं, फरहा. आपल्याले कोणी पाहून राह्यलं, काय पाहून राह्यलं, अन् चुकीच्या माणसाले पाहून राह्यलं, सारं. एका शब्दानं सांगतलं असतं तं पास झाला असता. पण मंग त्यानं दुर्बीण तुझ्यासाठी दिली का गुणाबाईसाठी, असं तुले वाटलं असतं, नाई? मी आठवून पाह्यलं, गुणाबाईलेही विचारलं. गुणाबाईले दुर्बीण त्यानं आधी दिली, अन् हे सांगणं त्याच्यानंतरचं. तेवढं मी कुराणावर नाई तं गीतेवर हात ठेवून सांगते.

आता गुणाबाईचं सांगणं. जशाचं तसं लिहिते: ‘त्यानं पेपर तपासायले दिला आहे. आता मास्तरणीनं तोंड लपवू नये. बापाले सरळ सांगावं, मी चुकली. अन् ट्रे-फ्रे ठेवावा घरी, पोट्ट्याले तलावावर बोलवावं. तो घरात नाई समजायचा.’

ते ऐक. त्यांची चूक आहे, पण बात बरोबर आहे. अन् अम्मीले सांग, पोहे त्यानं नाई, माझ्या डोळ्यांनी खाल्ले होते.

तुझी कान धरलेली
ज्योत्स्ना


चंद्रपूर
१ मार्च १९९९

ज्योत्स्ना,

ऐकलं मी गुणाबाईंचं. अब्बांसमोर उभी राह्यली अन् म्हटलं, ‘अब्बा, मी चुकली. भलताच माणूस पाहून नाई म्हटलं. मले हा पाहायचा आहे, पण सरबत घेऊन नाई, तलावावर.’ अब्बांनी हातातली लेन्स पुसून ठेवली. मंग म्हणाले, ‘लाइट सुबह की अच्छी रहती है.’ अम्मीले पोह्यांची खरी गोष्ट सांगतली तं तिले एवढा पस्तावा झाला, की तिनं स्वतःच घुग्घुसले जाऊन त्याच्या अम्मीचे हात धरले. मोठ्या बायकांचं असंच, आधी बोलणं बंद, अन् मंग एकमेकीच्या गळ्यात.

प्रिंट घ्यायले तो आला तेव्हा काउंटरवर मी होती. नाक खरंच एका बाजूले आहे गड्या. मी सरळ केलं होतं तेव्हापेक्षा बरं दिसते. मी म्हटलं, ‘तुमच्या रोलमध्ये सारेच आहेत, तुम्हीच नाई.’ तं म्हणते, ‘मी दाखवून राह्यलो होतो.’ मी विचारलं, त्या दिवशी काऊन नाई सांगतलं? तं म्हणते, ‘तुमची मैत्रीण एवढं मन लावून सरांले पाहून राह्यली होती, मोडवलं नाई. त्यांचे दोन पोरं आहेत म्हणून मंग थोडी भीती वाटली.’ मी तोंडावर ओढणी धरून आत पळाली. हसायले.

काल इतवारी जुनोन्याच्या तलावावर गेलो. दोन्हीकडची सारी मंडळी, दोन डबे, अब्बांचं स्टँड, माझा कॅमेरा. पोहोचल्या पोहोचल्या त्यानं दुर्बीण काढून अम्मीले दिली. अम्मीनं आधी ‘नहीं नहीं’ केलं, मंग डोळ्याले लावली, अन् मंग त्या काठावर कोणाच्या बकऱ्या आहेत अन् कोणती लंगडते ते सांगू लागली. मंग त्याच्या अम्मीले पाहिजे होती. मंग दोघी ओढाताण करू लागल्या. दुर्बीण त्याच्याकडे परत आलीच नाई, अन् माझ्याकडे तं पोहोचलीही नाई.

तेवढ्यात तो हळूच म्हणाला, ‘कैकर.’ वर पाह्यलं तं पांढऱ्या पोटाचा मोठा शिकारी पक्षी पाण्यावर हवेत थांबून पंख मारून राह्यला होता. मासे खाते तो, हिवाळ्यात लांबून येते, अन् आता परत जायचे दिवस त्याचे. एवढ्या जवळून टिबूनंही कधी पाह्यला नव्हता. त्याचा हात आपोआप माझ्या कॅमेऱ्याकडे आला. ‘एक फोटो घेऊ द्याल?’

अन् मी काय केलं असन? मी कॅमेरा छातीशी धरला अन् म्हटलं, ‘नाई.’

खरंच गड्या. ज्या एका गोष्टीवर मी माणसं पास-नापास करत फिरली, तेच! अन् तोंडातून ते निघाल्याबरोबर मामूचा ‘तू बॅग पकड’ आठवला. आता हा रुसते, का रागावते, का सरळ ओढून घेते? त्यानं हात मागं घेतला. हसला. खाली पडलेली माझी बॅग उचलून खांद्यावर टाकली. मी सांगतलं नव्हतं! अन् म्हणाला, ‘मंग लवकर घ्या, सूर्य समोर आहे.’ टोपी काढून माझ्या लेन्सवर सावली धरली अन् तसाच उभा राह्यला, स्वतःच्या डोळ्यांत सारं ऊन घेऊन. पक्षी पाण्यात पडला, मासा घेऊन उठला, मी बटण दाबलं. तो बिचारा डोळे मिटूनच विचारून राह्यला होता, ‘मिळाला का? मिळाला का?’

आज सकाळी प्रिंट काढली. पक्षी साबुदाण्याएवढा आला आहे. अन् वरच्या कोपऱ्यात काळा, मळका, ठळक असा टोपीचा काठ. आमच्या धंद्यात असं काई मधात आलं की कापून टाकतात, नाई तं ब्रशनं मिटवतात. अब्बांनी प्रिंट उजेडात धरली, चष्मा वर केला अन् म्हणाले, ‘बेटा, ये कोने में क्या आ गया? निकाल दे इसको.’

मी म्हटलं, ‘राहू द्या अब्बा. जवाई आहे तुमचा.’

तुझी
फरहा